न दुखणारी जखम

ही पोस्ट गेली काही वर्षं ड्राफ्टमध्ये पडून आहे. दोनदा लिहिली, दोनदा पुसली. हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे तरी आमचे नातेवाईक आहेत, आणि या निमित्ताने घरातल्या एका माणसाचं नाव घ्यावं लागणार आहे जे आमच्याकडे सहसा कोणी घेत नाही. शेवटी परवा अण्णाच म्हणाले, "लिही गं. आता राहिलंय कोण रागवायला?" (मोठी आत्या आहे अजून. पण असो.)

गोष्ट २०१८ च्या पावसाळ्यातली. आईला सकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर लाल ठिपके दिसले. तिला वाटलं देवघरातलं कुंकू सांडलं. ओलं फडकं घेऊन पुसायला बसली तर ठिपके ओळीने बाहेरच्या दारापर्यंत गेलेले, आणि दुसऱ्या बाजूने माजघरातल्या खुर्चीपर्यंत. खुर्चीत अण्णा पेपर वाचत बसले होते. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मागे जिथे पायाचा सगळा भार येतो तिथे भोक पडलं होतं. दारात चपला पाहिल्या तर एका चपलेच्या तळातून खिळा वर आलेला. म्हणजे हा माणूस मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आला, प्रदक्षिणा घातल्या, वाटेत भाजी घेतली, आणि खिळा पायात रुतत होता याचा त्याला पत्ताच नाही!

अण्णा एसटीत कंट्रोलर होते. मधुमेह तेव्हाच वीस वर्षांचा जुना. दोन-तीन वर्षांपासून म्हणायचे की गादीवरून चालल्यासारखं वाटतं. आम्ही हसून सोडून द्यायचो.

पुढचे तीन महिने रोज ड्रेसिंग. गावातल्या डॉक्टरांनी मलमं बदलली, अँटिबायोटिक बदललं, आजूबाजूच्यांनी हळद, तूप, कोरफड, मध असं सगळं सुचवून झालं. जखम रुपयाएवढी होती ती रुपयाएवढीच. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "शुगर आहे ना, मग जखम भरायची नाही." हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की तो निसर्गनियमच वाटायला लागला. आणि ड्रेसिंगला अण्णा रोज जायचे कसे? चालत. पाऊण किलोमीटर जायचं, पाऊण यायचं. दुखत तर नाहीच आहे, मग रिक्षाला पैसे कशाला घालायचे!

मग पुण्याला माझ्याकडे आणलं. इथल्या डॉक्टरांनी अण्णांना टेबलावर झोपवलं आणि जखमेकडे न बघता म्हणाले, "आधी चपला दाखवा." चपला उलट्या-सुलट्या करून पाहिल्या, आत बोटं फिरवली. मग पाय. घोट्यापाशी आणि पायाच्या वर नाडी लागते का ते तपासलं. नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि डोळे मिटून "लागलं की सांगा" म्हणाले. दोरा वाकला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो म्हणे. अण्णा डोळे मिटून वाट बघत राहिले. दोरा दहा वेळा टेकला असेल, ते दोनदा "हं" म्हणाले. मला तेव्हा पोटात कसंतरी झालं. जखम बघून झालं नव्हतं तसं.

मग डॉक्टरांनी जखमेभोवतीचा घट्टा ब्लेडने तासायला सुरुवात केली. भूल नाही, काही नाही. अण्णा आरामात एसटीतल्या गोष्टी सांगत होते. घट्टा निघाला तेव्हा दिसलं की रुपयाएवढी वाटणारी जखम आत बरीच मोठी होती. डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही लंगडला असतात ना, तर ही केव्हाच भरली असती."

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. त्याच्या मागे लागून मी पुढचे कितीतरी महिने वाचत बसले. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, तेव्हा हे वाचून कोणी स्वतःचे इलाज करू नयेत.

पहिली गोष्ट कळली ती ही, की 'जखम' या एका शब्दात आपण फारच वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. अण्णांच्याच डेपोतले एक कंडक्टर होते, त्यांना घोट्याच्या वर आतल्या बाजूला वर्षानुवर्षं वाहणारी जखम होती. पाय सुजलेला, कातडी काळपट तपकिरी. ती शिरांची जखम. जन्मभर उभ्याने काम केल्यावर पायातल्या शिरांमधल्या झडपा निकामी होतात, रक्त वर चढायच्या ऐवजी खाली साचतं आणि कातडीला आतून दाब बसतो. न्हावी, वाहतूक पोलीस, हॉटेलात भट्टीपुढे उभे राहणारे, यांच्यात ही बरीच दिसते. तिचा खरा इलाज म्हणजे पाय घट्ट बांधणं आणि वर ठेवणं. हँबर्गच्या पॉल उन्ना नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झिंक ऑक्साइड आणि जिलेटिनचा लेप दिलेली पट्टी काढली. ती 'उन्ना बूट' या नावाने अजून वापरतात. त्यातलं औषध काय करतं यापेक्षा पट्टीचा दाब काय करतो हेच महत्त्वाचं.

आता हीच घट्ट पट्टी दुसऱ्या कोणाला बांधली तर? विड्या ओढून ओढून ज्याच्या धमन्या बंद होत आल्या आहेत अशा माणसाला बोटांच्या टोकाला, टाचेच्या कडेला जखम होते. ती भयंकर दुखते. रात्री जास्त, म्हणून तो माणूस पाय कॉटखाली लोंबता सोडून झोपतो. त्याच्या पायात मुळात रक्तच कमी पोचतंय. त्याला कंडक्टरकाकांची पट्टी बांधली तर पाय जाईल. जखमांचं वर्गीकरण म्हणजे परीक्षेपुरतं पाठ करायचं काहीतरी असं मला वाटायचं, ते इथे डोक्यात शिरलं. वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन जखमा, एकीला वाचवणारी पट्टी दुसरीचा पाय घालवते.

तिसरी अण्णांची. तळव्याला, भार येतो तिथे, भोवती घट्टा, आणि दुखत नाही. आणि चौथी, अंथरुणाला खिळलेल्यांची, माकडहाडावर, टाचांवर. आजीला शेवटच्या दोन महिन्यांत झाली होती. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं की दर दोन तासांनी कूस बदलायची.

सुश्रुतसंहितेत हे सगळं कुठे आहे का म्हणून शोधलं. आपल्याकडे 'सगळं आधीच लिहून ठेवलंय' म्हणायची खोड आहे आणि मला ती आवडत नाही, पण इथे थांबावंच लागलं. चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय व्रणांवर आहे. शरीरातल्या दोषांनी आतून झालेले आणि बाहेरच्या आघाताने झालेले, असे दोन भाग पाडून सुरुवात. व्रण कुठपर्यंत पोचू शकतो त्या आठ जागा दिल्या आहेत: त्वचा, मांस, सिरा, स्नायू, अस्थी, सांधे, कोष्ठ आणि मर्म. दुष्ट व्रण कसा ओळखायचा, शुद्ध व्रण कसा दिसतो, भरत आलेला कसा आणि नीट भरलेला कसा, याची वर्णनं आहेत. उपचार एकूण साठ. लंघनापासून सुरू होऊन कापणं, खरवडणं, धुणं, बांधणं करत करत, भरलेल्या जखमेच्या जागी कातडीचा रंग परत आणणं आणि त्या जागी केस उगवणं इथपर्यंत. (केसांचं वाचून मी हसले. माणूस तेव्हाही तसलाच होता.)

अमेरिकेतल्या वॅग्नर नावाच्या अस्थितज्ज्ञाने १९८१ मध्ये मधुमेही पायाची जी प्रतवारी मांडली, तीही सुरुवातीला खोलीवरच जाते. शून्य म्हणजे कातडी शाबूत पण पाय धोक्यात, एक म्हणजे वरवरची जखम, दोन म्हणजे स्नायूबंध किंवा हाडापर्यंत, तीन म्हणजे आत पू किंवा हाड सडलेलं, चार म्हणजे पुढच्या भागाला गँगरीन, पाच म्हणजे सगळं पाऊल. यात एक खोट होती, ती पुढे टेक्सासमधल्या लोकांनी १९९६ मध्ये भरून काढली. जखम उथळ असली तरी तिला संसर्ग आहे का आणि पायाला रक्तपुरवठा नीट आहे का, हे खोलीच्या जोडीने लिहायला लागले. अण्णांच्या केसपेपरवर त्यांचा आकडा आणि अक्षर असं दोन्ही होतं. रक्तपुरवठा चांगला निघाला, आणि तेच आमचं नशीब.

पण सुश्रुतात आणखी एक श्लोक आहे, सूत्रस्थानात. कोणाचे व्रण कष्टाने बरे होतात त्याची यादी. कुष्ठ झालेले, विष भिनलेले, क्षयाने झिजलेले, आणि मधुमेही. सुश्रुताचं 'कुष्ठ' म्हणजे आजचा कुष्ठरोगच असं नाही, त्या शब्दात पुष्कळ त्वचारोग येतात, हे मान्य. तरी कुष्ठी आणि मधुमेही एका श्लोकात शेजारी शेजारी बसलेले पाहून मी पुस्तक मिटलं. का ते पुढे येईलच.

या दोघांच्या जखमा का भरत नाहीत, यावर एकोणिसाव्या शतकात युरोपात मोठं भांडण झालं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळातला शार्को हा त्या काळचा मेंदूविकारांचा सम्राट. पक्षाघात झालेल्यांना काही दिवसांतच दुबळ्या बाजूच्या कुल्ल्यावर जखम पडते आणि रोगी जातो, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. त्याचा निष्कर्ष असा की नसा शरीराचं पोषण करतात, नस मेली की मांस उपाशी मरतं, तेव्हा ही जखम अटळ. तिला त्याने नावही अशुभसूचक दिलं. जखम दिसली की माणूस गेलाच म्हणून समजायचं. गंमत म्हणजे त्याच्याही आधी, १८५० च्या दशकात, मॉरिशसमध्ये जन्मलेल्या ब्राउन-सेकारने गिनीपिगांच्या पाठीच्या मज्जारज्जू कापून पाहिल्या होत्या. अंगावरचा दाब टाळला, मलमूत्र लागू दिलं नाही, तर त्यांना जखमा होत नव्हत्या, झालेल्या भरत होत्या. म्हणजे नस मेल्याने मांस मरत नाही, ते दबून मरतं. पण शार्कोचं वजन मोठं. 'पोषणाअभावी होणारा' या अर्थाचा 'ट्रॉफिक अल्सर' हा शब्द त्या जखमेला चिकटला तो चिकटलाच, अजून केसपेपरांवर दिसतो.

'अटळ' या शब्दाने माणसं किती मारली असतील याचा हिशोब नाही. पहिल्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेले बहुतेक सैनिक पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने गेले. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमान नावाच्या, नाझी जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू डॉक्टरने रात्रंदिवस दर दोन तासांनी रोग्याला वळवायचा हुकूम काढला. एवढंच! माणसं जगायला लागली. तिथेच त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या, त्यातून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. मलम तेच, नसा तशाच मेलेल्या.

आणि मग आपल्याकडचा माणूस. डॉ. पॉल ब्रँड. मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मला, लंडनला सर्जन झाला, १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. चिंगलपेटच्या कुष्ठधामात डॉ. कॉक्रन यांनी त्याला हात-पाय झडलेली माणसं दाखवली. तेव्हाची समजूत, डॉक्टरांचीसुद्धा, अशी की कुष्ठरोग्याचं मांसच कुजकं असतं, ते झडणारच, त्यावर शस्त्रक्रिया कशाला करायची. ब्रँडने करून पाहिल्या. टाके इतरांसारखेच भरून आले. झडलेल्या बोटांचे तुकडे तपासले. त्यातही 'कुजकं मांस' म्हणावं असं वेगळं काही नव्हतं.

मग बोटं जातात कुठे? त्याने लिहून ठेवलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. कोठाराचं गंजलेलं कुलूप काही केल्या उघडेना. दहा वर्षांचा एक कुष्ठरोगी पोरगा आला, किल्ली हातात घेतली आणि फिरवली. पोरात एवढी ताकद कुठली म्हणून ब्रँडने हात पाहिला तर बोट हाडापर्यंत कापलेलं. त्या पोराला कळलंच नव्हतं. आपण किल्ली किती जोरात फिरवायची ते बोट दुखतं म्हणून थांबतो. त्याला थांबवणारं काही नव्हतं.

पुढे त्यांनी वेल्लोरला रुग्णांसाठी झोपड्या बांधल्या आणि रोज सगळ्यांचे हात-पाय तपासायला लागले. प्रत्येक जखमेचं कारण सापडत गेलं. गरम भांडं, विडी, चपलेतला खिळा. काही बोटं मात्र रात्रीत कमी व्हायची. पाळत ठेवली तर उंदीर कुरतडत होते आणि माणूस शांत झोपलेला. तेव्हापासून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाबरोबर एक मांजर द्यायला लागले. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. उठून अण्णांच्या खोलीत जाऊन त्यांच्या पायावर पांघरूण घालून आले.

तळव्याच्या जखमांवर इलाज काय, तर पाय प्लास्टरमध्ये घालून ठेवणं. ही युक्ती ब्रँडची नव्हे, १९३० च्या दशकात श्रीलंकेत आणि भारतात काही डॉक्टरांनी ती वापरली होती. पण ती पायाला घट्ट बसेल अशी, भार सगळ्या पावलावर आणि पोटरीवर पसरेल अशी करून तिचा हिशोब मांडला तो वेल्लोरने. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा काही आठवड्यांत भरल्या. भरल्या की पुन्हा फुटू नयेत म्हणून मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला आल्या. त्यांना खिळा मारायचा नाही, सगळं चिकटवायचं.

१९६६ च्या सुमारास ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात गेला. तिथे आणखी एक कोडं सोडवलं. खिळा नाही, निखारा नाही, तरी जखम का होते? उंदरांच्या बधिर केलेल्या पंजांवर यंत्राने रोज दहा हजार वेळा हलका दाब दिला. एका वेळी काहीच इजा न करणारा दाब. काही दिवसांतच पंजे सुजले आणि मग फुटले. दहा हजार म्हणजे चालता माणूस दिवसात जेवढी पावलं टाकतो साधारण तेवढी. आपण दमलो की नकळत पाऊल तिरकं टाकतो, भार या बाजूचा त्या बाजूला घेतो. ज्याचा तळवा बधिर आहे तो सकाळच्या पहिल्या पावलासारखंच संध्याकाळचं शेवटचं पाऊल टाकतो. मग मधुमेही आले. त्यांच्याही पायांत तेच चाललं होतं आणि त्यांनाही 'शुगर आहे, भरायची नाही' हेच सांगितलेलं होतं. साखर जास्त असली की संसर्ग बळावतो, भरणं मंदावतं, हे खरंच आहे. रक्तपुरवठा बंद असेल तर प्लास्टरचा उपयोग नाही, हेही खरं. पण अण्णांसारख्यांच्या बाबतीत जखम न भरण्याचं मुख्य कारण ते तिच्यावर चालत होते, एवढंच.

(जाता जाता, जखमेला हवा लागू दे, खपली धरू दे, हे आमच्या आजीचं तत्त्वज्ञान १९६२ मध्येच मोडीत निघालं. जॉर्ज विंटरने डुकरांच्या जखमा पातळ प्लास्टिकने झाकून पाहिल्या. ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. आमच्या गावी ते अजून पोचायचं आहे.)

तर अण्णांच्या पायात प्लास्टर. दर आठवड्याला काढून, घट्टा तासून, नवं. पहिल्याच आठवड्यात जखम लहान झालेली पाहून आई डॉक्टरांच्या पाया पडायला निघाली होती. सातव्या आठवड्यात भरली. मलम असं म्हणावं ते काहीच नव्हतं.

प्लास्टर कायमचं निघालं त्या दिवशी तिथल्या सिस्टर पायांची निगा समजावत होत्या. रोज रात्री पाय बघायचे. खाली वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यात तळवा बघायचा. धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तेल लावायचं, पण बेचक्यांत नाही. आणि पाय पाण्यात भिजवत ठेवायचे नाहीत.

"पण नानाकाका तर भिजवायचे," अण्णा म्हणाले.

मी विचारलं, "कोण नानाकाका?"

अण्णा काही बोलले नाहीत. डॉक्टर आत आले होते, त्यांनी बहुधा ओळखलं. सहजपणे म्हणाले, "त्यांना कुष्ठरोग होता का? मग बरोबर आहे. त्यात घाम आणणाऱ्या नसा मरतात, कातडी कोरडी पडून भेगा पडतात. म्हणून त्यांना अर्धा तास भिजवून ओल्यावरच तेल लावायला शिकवतात. मधुमेहात आम्ही नको म्हणतो. पाणी गरम असेल तर भाजतं, आणि बेचक्या ओल्या राहिल्या की चिघळतात." आणि औषधं लिहायला लागले. इतक्या साधेपणाने तो शब्द आमच्या घरातल्या कोणाच्या संदर्भात मी पहिल्यांदा ऐकला.

घरी आल्यावर अण्णांनी सांगितलं. नानाकाका म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. अण्णा अकरा वर्षांचे असताना, म्हणजे १९५५ साली, त्यांना घरातून पाठवलं. आधी वर्षभर गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. ताट-वाटी वेगळी. मोठ्या आत्याचं लग्न ठरत होतं. एके पहाटे आजोबा त्यांना घेऊन गेले आणि एकटे परत आले. गावात सांगितलं, काशीला गेला.

काशीला नव्हे, विदर्भातल्या एका कुष्ठधामात. त्या भागात तेव्हा हे काम उभं राहत होतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्येच सुरुवात केली होती, सेवाग्रामात गांधीजी परचुरेशास्त्रींना स्वतः मालिश करत, १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी संस्था काढली. डॅप्सोनच्या गोळ्या आल्या होत्या. नानाकाकांचा रोग थांबला असणार. नसा गेल्या त्या गेल्या.

अण्णांनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक पोस्टकार्ड काढलं. १९६८ चा शिक्का. अक्षर मोठं, वाकडं, पेन मुठीत धरून काढल्यासारखं. मजकूर चार ओळींचा. मला रबराच्या चपला मिळाल्या आहेत. त्यांना खिळे नाहीत. रोज पाय भिजवून आरशात बघतो. दादाला नमस्कार सांगणे. आजोबांनी उत्तर पाठवलं नाही. अण्णांनी कार्ड मात्र लपवून ठेवलं.

१९७१ मध्ये, एसटीत लागल्यावर, कोणाला न सांगता अण्णा तिकडे जाऊन आले. नानाकाका ओसरीवर घमेल्यात पाय सोडून बसले होते. उजवा पाय अर्धाच होता, पण जखम नव्हती. त्यांनी ओळखलं नाही, मग ओळखलं. पाय पुसले, तेल लावलं, आरशात दोन्ही तळवे बघितले, आणि मग आत जाऊन पुतण्यासाठी चहा करून आणला, दोन हातांच्या मनगटांत कप धरून.

"मी घेतला नाही," अण्णा म्हणाले. "पोटात बरं नाही म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग आम्ही पावसाबद्दल बोललो."

नानाकाका १९७९ मध्ये तिथेच गेले. १९८० च्या दशकात बहुऔषधोपचार आला, रोग महिन्यांत बरा व्हायला लागला, २००५ च्या अखेरीला देशाने दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण असा टप्पा गाठला. अजूनही आपल्याकडे दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, हे मला हे सगळं वाचेपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं तो रोग सिनेमातच उरलाय.

अण्णांची जखम एकदा पुन्हा फुटली, २०२१ मध्ये. लग्नात पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून जुन्या चामडी चपला घातल्या होत्या. पुन्हा प्लास्टर, या वेळी पाच आठवडे. आता रोज रात्री बातम्या संपल्या की आरसा जमिनीवर ठेवतात. आई चष्मा लावून शेजारी बसते, कारण त्यांना आता नीट दिसत नाही. गेल्या आठवड्यात करंगळीला लाल दिसलं तर रात्री साडेदहाला मला फोटो पाठवला.

ही पोस्ट टाकायच्या आधी अण्णांना फोनवर सगळी वाचून दाखवली. वॅग्नरचे आकडे लांबले म्हणाले. चहाचं काढून टाकू का विचारलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "राहू दे."